नातवंडांसाठी कोणती खेळणी राखावी?

वैशाख सरत आला म्हणजे रत्नागिरीकडील कौलारू घरांतून शाकारणीची धांदल सुरू होते. कौले परतावयाची म्हणजे माळा रिकामा करणे ओघानेच आले. आणि माळा रिकामा करताना फुटका हंडा, मोडके तबक, जुन्या पंचांगांची बाडे यांच्या मागून एखादी लाकडी पेटी खाली येते. ती उघडली की घरातील कामाला तासभर तरी खीळ पडते. मुंबईला किंवा त्याहूनही दूर गेलेल्या मुलांची ती खेळणी असतात. गृहिणी म्हणते, ‘राहू द्यात, नातवंडांना होतील.’ गृहस्थ म्हणतो, ‘नातवंडे येणार कधी आणि राहणार किती दिवस?’ वाद तेथेच थांबतो आणि पेटी पुन्हा माळ्यावर चढते. असे वीस-पंचवीस वर्षे चालते. पुढे घराची वाटणी होते किंवा घराला कुलूप लागते, तेव्हा घंगाळे, समया, पाट यांची मोजदाद होते. खेळण्यांची पेटी मात्र कोणाच्याच यादीत नसते. ती उकिरड्यावर जाते आणि तिच्याबरोबर काय गेले हे कोणाला कळतही नाही.

तेव्हा हा निर्णय आजीआजोबा घरात फिरतेबोलते आहेत तोवर झालेला बरा. परंतु तो त्यांनी एकट्याने करावयाचा नाही. पेटीतील वस्तू ज्यांच्या, ती माणसे आता पस्तीस-चाळीस वर्षांची असली तरी मालक तीच आहेत. त्यांना विचारावे. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. बहुतेक घरांत मुलाची चावीची मोटार कापडात गुंडाळून ठेवलेली आढळते आणि मुलीची भातुकली तिच्या लग्नानंतर शेजारच्या कोणा चिमुरडीला देऊन टाकलेली असते. नातवंडे म्हणजे मुलाची मुले, असा एक न बोललेला समज त्याच्या मुळाशी असतो. मुलीच्या मुलांनाही आजोळ असते, किंबहुना ‘आजोळ’ हा शब्दच त्यांच्यासाठी आहे. मग त्यांच्या आईची बोळकी त्यांना आजोळी का मिळू नयेत?

आता निवड. सर्वांत आवडते असेल ते आधी ठेवावे, असे कोणालाही वाटेल; पण येथेच बहुतेकांची फसगत होते. चिंध्यांची मळकी बाहुली, एक कान गेलेला कापडी ससा, ज्याला कवटाळल्यावाचून मूल झोपत नसे, तेच आईला टाकवत नाही. इंग्लंडातील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात अशा वस्तूंचा विचार केला आहे. आईच्या सान्निध्याची जागा घेणारी ही वस्तू मूल स्वतःच निवडते. ती त्याला नेमून देता येत नाही. बापाचा ससा मुलाच्या हाती दिला तर तो मुलाला एक जुनाट ससाच वाटणार, आणि त्यात त्या मुलाचा काडीमात्र दोष नाही. तेव्हा तो ससा खुशाल ठेवावा, पण ज्याचा त्याच्यासाठी. नातवाच्या वाट्याला तो घालू नये.

दुसरी चाळणी कठोर आहे, पण तिला इलाज नाही. जुने ते सोने ही म्हण खेळण्यांच्या रंगाला लागू पडत नाही. चकचकीत पिवळ्या, तांबड्या, हिरव्या तैलरंगांत पूर्वी शिशाचे क्षार सर्रास असत. मूल खेळणे तोंडात घालते, रंगाचे पापुद्रे पोटात जातात आणि शिसे बुद्धीच्या वाढीला अपाय करते. थोडक्या मात्रेतही करते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग एवढेच असावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलात आला. यावरून त्यापूर्वी रंगविलेल्या खेळण्यांकडे किती सावधपणे पाहिले पाहिजे ते ध्यानी येईल. रंग सुटू लागलेले जुने खेळणे लहान मुलाच्या हाती देऊ नये. ते घासून पुन्हा रंगवावे म्हटले, तर घासताना उडणारी धूळ अधिक घातक.

काचकड्याच्या बाहुल्यांची गोष्ट आणखी निराळी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानहून त्या जगभर जात. एखाद्या घरी पणजीच्या वेळची अशी गुलाबी गालांची बाहुली अद्याप सापडते. काचकडा अतिशय ज्वालाग्राही आहे आणि जुना झाला की आपोआप विरत जातो. ती देवघरातील निरांजनाजवळ तर नकोच, पण बंद पेटीत इतर खेळण्यांबरोबरही नको. पत्र्याच्या चावीच्या खेळण्यांना रत्नागिरीची खारी हवा सोसत नाही. गंजून त्यांच्या कडा सुरीसारख्या होतात. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या वर्षे लोटली की चिकट होतात. सेलवर चालणाऱ्या खेळण्यांतील सेल आतल्या आत पाझरलेले असतात. ही सारी मंडळी फोटो काढून निरोप देण्याच्या योग्यतेची आहेत.

मग उरते काय? पुष्कळ उरते.

सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रथम घ्यावी. सावंतवाडी हे पूर्वीचे संस्थान, आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातीलच गाव. तेथील चितारी मंडळींनी घडविलेली खेळणी कोकणच्या घराघरांतून पोचली: पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची हुबेहूब केळी, आंबे, फणस, वांगी, चिमुकले पाट, पोळपाट-लाटणे, पाळणा, तान्ह्या मुलाच्या पाळण्यावर टांगावयाचे पाखरांचे चिमणाळे, चालावयास शिकणाऱ्याचा पांगुळगाडा. यांतील रंग न दिलेले किंवा रंग पक्का असलेले नग पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. मोडला तर पाय नवा बसविता येतो आणि सुताराला ते काम परके वाटत नाही. पांगुळगाडा ज्या घरी आहे त्या घराने तो अवश्य राखावा, कारण तो घराण्यातील एकाच मुलाचा कधीच नसतो. थोरला चालू लागला की तो धाकट्याला, मग चुलत्याच्या मुलाला, मग शेजाऱ्याला; हिंडतफिरत राहण्याची त्याची जातच आहे. मात्र राखताना लाकडावर सुईएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसतो का ते पाहावे. दिसल्यास किडा आत आहे असे समजावे व ती वस्तू इतरांपासून दूर करावी.

नवीन घ्यावयाची झाल्यास एक व्यवहाराची गोष्ट. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकावयाच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का आवश्यक झाला; परंतु नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे हाताने घडविलेल्या खेळण्यावर शिक्का नसला म्हणून ते वाईट असे नव्हे. रंग कोणता वापरला हे कारागिराला तोंडाने विचारावे.

त्याच सावंतवाडीची गंजिफा या विषयावर अधिक काही शिकविते. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात, प्रत्येक अवताराची बारा. ही कला लोपत आली असता शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला राजवाड्यात आश्रय दिला आणि पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती पुढच्यांच्या हाती आली. पाने आज मिळतात, सुंदर मिळतात. परंतु ती घेऊन डाव मांडणारे किती? पाने वाचली, डाव मात्र गेल्यासारखाच आहे. घरच्या पेटीतही हेच होते. पट आहे, सोंगट्या आहेत, कवड्या आहेत. पण किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे किती दान, हे सांगणारी आजी गेली की ती नुसती रंगीत लाकडे.

भातुकलीचेही तसेच. पितळेची भातुकली टिकाऊ खरी. चिंच लावून घासली की पुन्हा लखलखते. परंतु तिचे खरे मोल धातूत नाही. तिच्यात बंब असतो, जाते असते, रवी, रोवळी, सोऱ्या, शेगडी, उखळ-मुसळ असते. ज्या घरी पाणी वीज तापविते आणि पीठ पिशवीतून येते, त्या घरच्या सहा वर्षांच्या मुलीला बंब म्हणजे काय हे कोणत्या पुस्तकातून कळणार? तिच्या हाती वीतभर बंब दिला, निखारे कोठे घालावयाचे आणि तोटी कोठे सोडावयाची हे दाखविले, की एक शब्द घरात जिवंत राहिला. आजोबांनीही या खेळात पाहुणा होऊन बसावे, आणि पोह्यांचे चार दाणे जेवण म्हणून वाढले तर पोट भरल्याचे सांगावे. ही भातुकली नातवाच्याही पुढे मांडावी. स्वयंपाक मुलींनीच करावयाचा, असा पितळेवर कोठे छाप नसतो.

काही खेळणी अशी की ती राखण्याची गरजच नाही, कारण ती झाडे राखतात. सागरगोट्यांची काटेरी वेल समुद्राकाठच्या कुंपणांवर आजही आहे. तिच्या बियांचे कवच इतके कठीण की त्या लाटांवर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. आंब्याच्या कोयीची पिपाणी, माडाच्या पातीचे भिरभिरे, करवंट्यांचा तराजू, काजूच्या बियांचा डाव, पोफळीच्या विरीवर धाकट्याला बसवून अंगणभर ओढावयाची गाडी, यांना पेटी लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूच त्यांनी मुलांच्या हाती दिल्या आणि त्यांवर पुढे कोसबाडपर्यंत मोठे काम उभे केले. मोहेंजोदडो व हडप्पा येथे उकरताना मातीच्या चिमुकल्या गाड्या सापडल्या. त्या कोणी नातवंडांसाठी जपून ठेवल्या नव्हत्या. मुलांनी टाकल्या तेथेच त्या साडेचार हजार वर्षे पडून राहिल्या. पण कोयीला छिद्र कोठे पाडावे आणि सागरगोटा वर उडविल्यावर खालचे किती उचलावयाचे, हे झाड सांगत नाही. ते हाताने हातालाच शिकवावे लागते. तीन वर्षांखालील मुलांपासून मात्र गोट्या, बिया, कवड्या दूरच असाव्या, घशात अडकतात.

नातवंडे परदेशी असतील तर बिया सोबत देण्यापूर्वी विचार करावा. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बियांविषयी व कीड लागलेल्या लाकडाविषयी नियम कडक आहेत. आजीने मायेने दिलेले सागरगोटे विमानतळावरच काढून घेतले जावयाचे. ते सुटीत येथेच खेळावेत हे बरे.

एक प्रकारची पेटी मात्र या सर्व हिशेबाबाहेर ठेवली पाहिजे. ज्या घरातून एखादे मूल बालपणीच गेले, त्या घरी त्याचा भोवरा किंवा पाटी कोणी काय करावे हे दुसऱ्याने सांगू नये. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्या संग्रहालयाचे नाव ‘राजा’ असे ठेवले. सर्वांनाच असे करणे शक्य नाही. एखादी वस्तू कोनाड्यात ठेवणे सर्वांना शक्य आहे. पुढे येणाऱ्या मुलांना ती कोणाची हे नावानिशी सांगावे, लपवू नये.

राहता राहिला प्रश्न किती ठेवावे हा. सुटीसाठी आठ-दहा दिवस येणाऱ्या मुलांना एक पेटी पुष्कळ झाली. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबईची मुले रात्रीत येतात, पण तितक्याच लवकर परत जातात. जे मोडले तर आजोबांचा जीव कासावीस होईल ते त्या पेटीत नसावे. ‘हळू, मोडेल!’ असे ज्याच्याविषयी दर घटकेला ओरडावे लागते, त्याने मूल खेळत नाही. तो काचेच्या कपाटातील ऐवज आहे, तेथेच तो शोभेल. उरलेले, धडके असलेले, आजच गावच्या अंगणवाडीत पोचवावे. न जन्मलेल्या नातवाकरिता वीस वर्षे अंधारात ठेवलेला झुकझुकगाडीचा डबा आज चार वर्षांच्या एखाद्या मुलाला हवा आहे, आणि तो मुलगा वीस वर्षे थांबणार नाही.

ठेवावयाचे ते धुवावे, कडक उन्हात वाळवावे आणि मगच झाकावे. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या या मुलखात ओलसर ठेवलेल्या वस्तूला श्रावणापूर्वीच बुरशी येते. कापडी खेळण्यांत डांबराच्या गोळ्या घालू नयेत. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक द्रव्य कमी असते, त्यांना त्या गोळ्यांच्या वाफेने रक्तक्षयाचा विकार जडू शकतो. कडुनिंबाचा वाळला पाला चालेल. पेटीत एक वही ठेवावी. तिच्यात कोणती वस्तू कोणाची, कोणत्या जत्रेतून किंवा कोणाच्या हातून आली आणि तिने खेळावयाचे कसे, हे आजीने सांगावे व आजोबांनी सुवाच्य अक्षरात लिहावे. कवड्यांची दाने तर आकृती काढून. आणि पेटी पुन्हा माळ्यावर चढवू नये. पडवीत, मुलाचा हात पोचेल अशा फळीवर, कुलूप न लावता ती असावी.