चुंबकाचे चाक आणि दोन साधे प्रश्न



चुंबकांच्या जोरावर, इंधनाशिवाय आणि विजेशिवाय अखंड फिरणारे चाक कोणीतरी तयार केले आहे, असा दावा अधूनमधून आपल्या कानांवर येतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो हे कळले, की लोक हटकून विचारतात, "सर, यात काही तथ्य आहे का?" मी 'नाही' म्हटले, की लगेच तक्रार येते, "तुम्ही विज्ञानवाले नवे काही पाहायलाच तयार नसता." आज या तक्रारीचाच विचार करू.

मुळात ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. फ्रिजवरचा चुंबक वर्षानुवर्षे चिकटून राहतो; मग त्याच्याकडून काम का करून घेऊ नये? पण धरून ठेवणे वेगळे आणि काम करणे वेगळे. भिंतीतला खिळाही कॅलेंडर वर्षभर धरून ठेवतो. म्हणून खिळ्यावर पिठाची गिरणी चालत नाही. विजेच्या मोटारीत चुंबक असतात हे खरे, पण ती चालते विजेवर, आणि त्या विजेचे बिल आपण भरतो.

इंग्लंडमधल्या जॉन विल्किन्स यांनी १६४८च्या आपल्या पुस्तकात असे एक यंत्र वर्णिले आहे. उताराच्या माथ्यावर चुंबक. तो लोखंडी गोळी वर ओढणार, माथ्याजवळच्या भोकातून ती खाली पडणार आणि पुन्हा पायथ्याशी येणार. त्यातली खोटही विल्किन्स यांनीच दाखवली. दूरची गोळी वर खेचण्याइतका जोर चुंबकात असेल, तर जवळ आलेली गोळी तो भोकात पडू देईल कशी? चुंबक येणाऱ्याला ओढतो, तसाच जाणाऱ्याला अडवतो. एक फेरी पुरी झाली, की जमाखर्च शून्य. वर घर्षणाचा भुर्दंड वेगळाच.

आता त्या तक्रारीकडे वळू. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५मध्ये असे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत, असे ठरवले होते, हे खरे. पण पुढे कोणी तपासलेच नाही, असे मात्र नाही. डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीने ऑगस्ट २००६मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये जाहिरात देऊन, चुंबकांतून फुकट ऊर्जा मिळवल्याचा दावा केला आणि शास्त्रज्ञांनाच तपासणीचे आव्हान दिले. २२ जणांचे परीक्षक मंडळ बसले. जुलै २००७मध्ये लंडनला ठरलेले प्रात्यक्षिक झालेच नाही. दिव्यांच्या उष्णतेने अडचण आली, असे कारण सांगण्यात आले. जून २००९मध्ये मंडळाने एकमताने निर्वाळा दिला, की ऊर्जा निर्माण होते हे कंपनीला दाखवता आलेले नाही. त्याच डिसेंबरात डब्लिनमध्ये यंत्र लोकांपुढे मांडले गेले, तेव्हा त्याला चक्क बॅटरी जोडलेली होती! २०१६मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. गुंतवणूकदारांचे पैसे त्यात गेले.

म्हणजे विज्ञानाने पाहायला नकार दिला नव्हता. पाहण्याजोगे काही समोरच आले नाही.

उद्या ओळखीचे कोणी असे चाक दाखवून पैसे गुंतवायचा आग्रह करील, तर त्याची टर उडवू नका. तो मनापासून बोलत असेल. त्याला फक्त दोन प्रश्न विचारा. बॅटरी आणि तारा काढून, या चाकावर एक दिवा लावून दाखवाल का? आणि तो दिवा कुलूपबंद खोलीत, किल्ली आमच्याकडे ठेवून, महिनाभर जळू द्याल का?

दिवा जळाला, तर पहिला हार मी घालीन. तोवर पतपेढीतली ठेव मोडू नका.