निवडायचं वय



आज पोरापोरींच्या निवडीबद्दल बोलायचं आहे. सुरुवात लांबून करतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो या भागांत आमिश नावाचे ख्रिस्ती लोक राहतात. त्यांच्यात शेतकरी बरेच. घोडागाडीतून फिरतात, घरात विजेची तार घेत नाहीत, कपडे साधे. यांचे पूर्वज युरोपातले. १५२५ साली झुरिकमध्ये काही लोक म्हणाले, तान्ह्या बाळाला कसली शपथ देता? माणूस कळता झाला की त्यानंच ठरवावं. एवढं म्हटलं म्हणून कितीएकांना पाण्यात बुडवून मारलं. पुढे १६९३ च्या सुमारास त्यांच्यातून आमिश वेगळे झाले.

म्हणून आजही आमिश घरात जन्मलेलं पोर आपोआप त्यांच्या चर्चचं होत नाही. सोळावं लागलं की त्याला थोडी मोकळीक मिळते. त्या काळाला ते रुमस्प्रिंगा म्हणतात. त्यांच्या बोलीत अर्थ, हुंदडणं. कुणी जीन्स घालतं, कुणी मोबाइल घेतं, एखादा मोटारही घेतो. टीव्हीवाल्यांनी याचा फार तमाशा केला आहे. खरं तर बहुतेक पोरं आईबापाच्या घरीच राहतात, आणि हुंदडणं म्हणजे रविवारी संध्याकाळी जमून गाणी म्हणायची, मग आवडलेल्या मुलीला घोडागाडीतून घरी सोडायचं. विशीच्या आसपास ठरवायचं, बाप्तिस्मा घेऊन राहायचं की जायचं. शपथ घेण्याआधी गेलं तर सहसा वाळीत टाकत नाहीत. शपथ घेऊन मोडली, तर मात्र सख्खी आईसुद्धा एका ताटापाशी बसवत नाही. शंभरातली ऐंशीहून जास्त पोरं राहतात.

ऐकून आम्हाला बरं वाटलं. मग आमच्यातल्याच एकीनं विचारलं, त्यांची शाळा कितवीपर्यंत? आठवीपर्यंत! १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना तशी सूट दिली. शिवाय लग्न बाप्तिस्मा झालेल्यांचंच, तेही आपसात. आता सांगा, आठवी शिकलेल्या पोरीला म्हटलं, बाई, दार उघडं आहे, तर ती दारातून जाऊन करणार काय? दार उघडं असणं वेगळं आणि पायात बळ असणं वेगळं.

हे सगळं आम्हाला सुचलं ते आपल्या लेणीमुळे. आपल्यातल्या कितीजणी रोज लेणीच्या वाटेवर गारा, माळा, चहा विकतात, आणि त्यातल्या किती आत गेल्या आहेत ते त्यांनाच ठाऊक! सोळा नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर एक बाई आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेले, दासी तिला सावरतायत. परदेशी पाहुणे तिला मरणारी राजकन्या म्हणतात. ती सुंदरी, नंदाची बायको. नंद म्हणजे बुद्धांचा सावत्र भाऊ, महाप्रजापती गौतमीचा मुलगा. बुद्ध भिक्षेला आले, त्यांनी आपलं पात्र नंदाच्या हातात दिलं आणि चालू लागले. मोठ्या भावाला परत घ्या म्हणायचं कसं, म्हणून नंद मागे मागे गेला. विहारात पोचल्यावर विचारलं, भिक्षू होतोस का? त्याला नाही म्हणवलं नाही. डोकं भादरलं. अश्वघोषाच्या काव्यात सुंदरी त्याला सांगते, माझ्या गालावरची ओली नक्षी वाळायच्या आत या. तो आला नाही. चित्रात त्याचा मुकुट तेवढा परत आला आहे.

नंद पुढे अर्हत झाला, असं ग्रंथ सांगतात. पण चितारणाऱ्यानं भिंतीवर सुंदरीला जागा दिली, हे आम्हाला फार मोठं वाटतं. पंधराशे वर्षांपूर्वीचा तो माणूस भिक्षूंच्याच विहारात चित्र काढत होता, तरी मागे राहिलेल्या बाईचं काय झालं ते त्यानं लपवलं नाही.

शेजारच्या सतरा नंबरात राहुल आहे. यशोधरेनं सात वर्षांच्या मुलाला सांगितलं, जा, बापाकडे तुझा वारसा माग. बापानं वारसा म्हणून प्रव्रज्या दिली. तेव्हा आजोबा शुद्धोदन कळवळले. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही. त्यांनी एकच मागितलं, यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कुणाचं पोर घेऊ नका. बुद्धांनी ते मान्य केलं आणि नियम झाला. पुरता भिक्षू व्हायला वीस वर्षांची अटही विनयात आहे. आणि चीवर उतरवून घरी परतायची वाटही ठेवली आहे. आजही आपल्याकडे श्रामणेर शिबिरात पोरं काही दिवस चीवर घालतात, भिक्षेला जातात, आणि मुदत संपली की परत वावरात, कॉलेजात. त्यात कुणाची मान खाली जात नाही. आमिशांनी आधी बाहेरचं जग बघू दिलं. इथे आतलं जग बघू देतात. आम्हाला दुसरी रीत जास्त दयाळू वाटते.

आता आपल्या पोरींचं. दहावी झाली की घरी बसवतो, दिवाळीनंतर पाहुणे येतात. कायदा अठरा म्हणतो, आपण बारसं कधी झालं ते मोजत बसतो. मग पोह्यांची ताटली आत नेताना दारातच विचारतो, पसंत आहे ना गं? पोर मान हलवते. नंदानंही मान हलवली होती. नातेवाईक बसलेले, हातात ताटली, अशा वेळी नाही म्हणेल तरी कोण?

येत्या आठवड्यात आम्ही दहाबाराजणी दुकानं लवकर आवरून लेणीवर जाणार आहोत, नववी-दहावीच्या पोरींना घेऊन. सोमवारी लेणी बंद असते, म्हणून मंगळवार ठरवला आहे. सोळा नंबरात उजेड कमी असतो. थोडं थांबायचं, डोळे सरावले की सुंदरी दिसते. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी नऊला फाट्यावर यावं. पोरींना काय दिसतं ते आधी त्यांनाच सांगू द्यायचं, असं आमचं ठरलं आहे.