बागेतलं जेवण, सवलतीचं कार्ड आणि शेवटची पंगत

(२०२५ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात दिलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं, बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आपल्याकडे व्याख्यान म्हटलं की बुऱ्हाणपूरचा इतिहास, कुंडी भंडारा, नाहीतर केळीवरचे रोग. मी अध्यक्षांना म्हटलं, मी थीम पार्क आणि वॉटर पार्कमधल्या जेवणावर बोलतो. तिथे आपल्याला कसं वाढतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला जी कार्डं, पास, सवलती देतात त्यांचं पुढे काय होतं, यावर. ते हसले. म्हणाले, "सर, आपण केळीच्या बागेत बांधावर बसून भाकर खाणारी माणसं. आपला त्या बागांशी काय संबंध?"

संबंध आहे. आज दापोऱ्यात असं घर दाखवा की ज्यातलं पोर इंदूरच्या वॉटर पार्कला गेलेलं नाही. कोणाची लेक पुण्याला दिली आहे, ती दिवाळीत आली की इमॅजिकाचे फोटो दाखवते. इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं, २०१३ मध्ये सुरू झालेलं पार्क. त्याआधीच्या पिढीला मुंबईचं एस्सेलवर्ल्ड माहीत आहे. आणि मी स्वतः नोकरीतली बावीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या. पाळण्यात मी कधी बसलो नाही, मला गरगरतं. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं, दीड वाजता पोरांना जेवायला मिळतं की नाही.

आधी हे समजून घ्या की अशा जागी जेवण बिघडतं का. स्वयंपाकी वाईट असतात म्हणून नव्हे. आपल्या बाजारातला हॉटेलवाला तुम्हाला शिळी भाजी घालत नाही, कारण तुम्ही उद्या परत त्याच रस्त्यानं जाणार असता. पार्कात माणूस तीन वर्षांतून एकदा येतो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि एकदा तिकीट काढून आत गेलेला माणूस जेवायला बाहेर येत नाही. भूक सगळ्यांना एकाच वेळी लागते. पाण्यात खेळलेल्या पोराची भूक तर विचारू नका. एक ते अडीच या वेळात सगळं पार्क एकाच खिडकीपुढे उभं राहतं. अकरा वाजता रिकामं, चार वाजता रिकामं, मधल्या दीड तासात लग्नाची गर्दी. त्या दीड तासासाठी कायमची माणसं कोण ठेवणार? मग हंगामी पोरं ठेवतात. त्यांना वाढायचं कोणी शिकवलेलं नसतं.

बाहेरचं खाणं अडवण्याबद्दल पुष्कळ भांडणं झाली आहेत. सिनेमागृहांपुरता निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये दिला. मालकाला बाहेरचं खाणं अडवता येईल, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पार्कात गेलात तर हे लक्षात असू द्या. निदान पाण्याची जागा आधी विचारा.

पाण्यावरून आठवलं. अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. निमंत्रणं होती अकरा हजारांच्या आसपास. खोटी तिकिटं छापली गेली आणि आली अठ्ठावीस हजार माणसं. दुपारपर्यंत खाण्याच्या जागांवरचं अन्न संपलं. नळकाम करणाऱ्यांचा संप झालेला होता, त्यामुळे आदल्या दिवसांत संडास पुरे करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ, असा प्रश्न पडला. त्यांनी संडास पुरे केले. मला विचाराल तर बरोबर केलं. पण उन्हात उभ्या लोकांना वाटलं, थंड पेय विकण्यासाठी पाणी मुद्दाम बंद ठेवलंय. म्हणजे पाहा, जगातलं हे सगळ्यात नावाजलेलं पार्क, त्याचीसुद्धा पहिल्या दिवसाची फजिती जेवणाच्या नि पाण्याच्या रांगेत झाली.

आता सवलतीकडे येतो. 'आमच्याकडे पुन्हा या' म्हणून जे काही देतात ते. आपल्याकडे याची सगळ्यात जुनी पद्धत इंदूर-इच्छापूर रस्त्यावर बघायला मिळते. खासगी बस एका ठरावीक ढाब्यावरच का थांबते? ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण तिथे फुकट असतं म्हणून. त्यांना वेगळ्या टेबलावर, गरम पोळी, वर दही. आणि आपण प्रवासी, ज्यांनी पैसे मोजले, त्यांना गार भाजी आणि 'लवकर आटपा, गाडी सुटते'. ढाबेवाल्याचं चुकतं असंही नाही. गाडी कुठे थांबवायची ते आपण ठरवत नाही. जो ठरवतो त्याला त्यानं खूश ठेवलंय. महाराष्ट्रात एसटीनं आपल्या अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा नियम केला, तो याच दुखण्यावर. आपल्याकडे मध्य प्रदेशची सरकारी बस बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे नियम तरी कोणाला लावणार!

हे ड्रायव्हरचं ताट मी इतकं रंगवून सांगतोय, कारण मीही तेच खाल्लं आहे.

साल २०११, जानेवारी महिना. आमची सहल एका वॉटर पार्कला गेली. नाव सांगत नाही, सांगून काही उपयोग नाही. मुलं ८४, शिक्षक सहा. तिकीट जेवणासह ३५० रुपये, आणि दर वीस मुलांमागे एक मोठा माणूस मोफत. असे चौघे मोफत गेलो. पहाटे निघालो होतो. आयांनी पोरांना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोणाला कळण्याची भाकर असं बांधून दिलं होतं. दारावर पिशव्या तपासल्या आणि सगळे डबे एका मोठ्या टोपल्यात काढून घेतले. "जाताना घेऊन जा." सहावीतली एक मुलगी डबा सोडेना. मीच तिला म्हटलं, "अगं दे, आत छान जेवण आहे."

दीड वाजता शिक्षकांना आत बोलावलं. पंख्याखाली टेबल, पांढरी चादर, वाढायला स्वतंत्र माणूस. पुरी, पनीर, गुलाबजाम. मुलं बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये, हातात कूपन. माझा दुसरा गुलाबजाम चालू होता. तीच मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, पुऱ्या संपल्या म्हणतात. भातच आहे. भाजीपण नाही." बाहेर जाऊन पाहिलं, तर शेवटची वीस-बावीस पोरं पांढरा भात नि पातळ वरण घेऊन बसली होती. आणि दाराशी त्यांच्या घरच्या दशम्या टोपल्यात पडलेल्या.

मी भांडलो. व्यवस्थापक चांगला बोलला, माफी मागितली, अर्ध्या तासात पुऱ्या तळून दिल्या. जाताना मला बाजूला घेऊन एक कार्ड दिलं. वर्षभर मला आणि माझ्या कुटुंबाला प्रवेश मोफत, जेवणावर पंचवीस टक्के सूट. ते कार्ड मी तिथल्या तिथे परत केलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. मी ते खिशात घातलं. उन्हाळ्याच्या सुटीत बायको-मुलांना घेऊन गेलो. आणि दुसऱ्या वर्षीची सहलही मी तिथेच नेली.

नंतर कधीतरी घरी बसून हिशेब मांडला. चार मोफत माणसांचे १४०० रुपये झाले. ८४ मुलांवर वाटले तर प्रत्येकी सोळा-सतरा रुपये. पार्कवाल्यानं मला काहीच फुकट दिलं नव्हतं. माझं जेवण त्या पोरांच्या आईबापांनी दिलं होतं. कार्डाचे पैसेही कुठून तरी निघालेच असणार. कदाचित त्या न मिळालेल्या पुऱ्यांतून.

तिसऱ्या वर्षापासून मी दुसऱ्या ठिकाणी भाव करायला लागलो. म्हटलं, आम्हाला मोफत काही नको, शिक्षकांचेही पैसे घ्या, मुलांमागे पंधरा रुपये कमी करा. आणि वेळ लिहून द्या, साडेबाराला जेवण, गर्दीच्या आधी. लगेच मान्य झालं. आम्ही शिक्षक शेवटच्या मुलामागे रांगेत उभे राहायला लागलो. गंमत पाहा, मोठी माणसं रांगेच्या शेवटी उभी दिसली की स्वयंपाकघरातून पुऱ्या संपतच नाहीत!

माझा भाचा अमेरिकेत ऑर्लँडोला असतो. तिथे डिस्नेचं मोठं पार्क आहे, १९७१ पासूनचं. त्याच्याकडे वर्षाचा पास आहे. तो दाखवला की बऱ्याच रेस्टॉरंटांत बिलावर दहा ते वीस टक्के सूट मिळते. आम्ही गेलो तेव्हा बिल आलं, सूट वजा झाली, मी खूश. भाचा मूळ रकमेवर टिप काढत बसला. मी म्हटलं, "अरे, कमी झालेल्या रकमेवर काढ ना." तर म्हणाला, "मामा, सूट आपल्याला मिळाली. तिनं वाढायचं काम काही कमी केलं नाही." तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन १९९१ पासून तासाला दोन डॉलर तेरा सेंटवरच आहे. काही राज्यं जास्त देतात, फ्लोरिडाही देतं, पण घर चालतं ते टिपेवर. सूट घेतलेल्या रकमेवर टिप ठेवली तर आपल्या सवलतीतला एक भाग त्या बाईच्या पदरातून गेला. मी साठी ओलांडलेला माणूस, हिशेबाचा मास्तर, आणि हे मला भाच्यानं शिकवावं!

आपल्याकडे टिपेची अशी सक्ती नाही. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, असे निर्देश ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये दिले. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. तुमच्या बिलात दिसलं तर काढायला सांगा. मात्र वाढणाऱ्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चांगलं वाढणं बघायचं असेल तर चोखी ढाणीसारख्या ठिकाणी जा, किंवा इंदूरजवळची नखराली ढाणी आहे. राजस्थानी खेड्याची थीम, तिकिटातच जेवण. तिथे वाढपी ताटापुढे बसून आग्रह करतो, ते त्याला मनुहार म्हणतात. नाटकी आहे, पगार घेऊन केलेला आग्रह आहे, हे खरं. तरी ताटावर हात आडवा धरून 'नको, नको' म्हणण्यात जी मजा आहे ती मला कुठल्या कार्डानं दिली नाही. आणि शेगाव. संस्थानात महाप्रसादाला बसा. पाळीपाळीनं सेवेला येणारे सेवेकरी, पांढरे कपडे, तोंडी 'माउली'. तुम्ही मोटारीतून आलात की एसटीतून, हे वाढणाऱ्याला माहीतच नसतं. तिथे पुन्हा या म्हणून कोणी काही देत नाही, आणि आपल्या भागातली माणसं वर्षानुवर्षं जात राहतात.

हे सगळं मी इथे, या मांडवात का बोलतोय, ते आता सांगतो. थोडं कडू लागेल.

विसर्जनाआधीचा आपला महाप्रसाद. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. पूर्वी एकच पंगत असायची, खाली पट्ट्यांवर. चार-पाच वर्षांपासून मोठी वर्गणी देणाऱ्यांना रंगीत पास मिळतो. त्यांची टेबल-खुर्चीची पंगत, साडेसहाला, सगळ्यांच्या आधी. मीही त्या टेबलावर बसलोय, पास माझ्याकडेही येतो. तिथे बट्टी चुरून घेतली की वरून तुपाची धार, थांब म्हणेपर्यंत. मागच्या वर्षी रात्री साडेदहाला मी सहज मंडपात परत आलो. शेवटच्या पंगतीला केळीच्या गाड्या भरणारे मजूर होते, कामावरून उशिरा सुटलेले, बायका-पोरांसकट. वरणात पाणी वाढवलेलं होतं. तुपाच्या तपेलीत वाढपी चमचा खरवडत होता. वाढपी म्हणजे आपलीच पोरं, चार तास उभी, त्यांचा काही दोष नाही. पण या माणसांनीही वर्गणी दिली होती. कोणी ५१, कोणी २१ रुपये. यादीत नावं आहेत, मी वाचली.

वर्गणीदारांचा मान ठेवू नका, असं मी म्हणत नाही. आरतीचा मान द्या, या स्मरणिकेत नाव छापा, शाल द्या. ताटात फरक नको. तूप आधीच पंगतींच्या संख्येनं वाटून वेगळ्या भांड्यांत भरून ठेवा, शेवटचं भांडं कार्यकारिणीतल्या कोणीतरी स्वतःच्या ताब्यात ठेवावं. वाढणाऱ्या पोरांच्या दोन पाळ्या करा, पहिल्या पाळीनं मध्ये जेवून घ्यावं. मजुरांच्या टोळ्या किती वाजता सुटतात ते बागवाल्यांनी आदल्या दिवशी कळवलं तर बट्टी त्या बेतानं तळता येईल. आणि कार्यकारिणी शेवटच्या पंगतीला बसली, तर बाकीचं मला सांगावंही लागणार नाही.

महाप्रसादाच्या नियोजनाची बैठक परवा रात्री आरतीनंतर आहे. यंदाचे पास अजून छापायला गेलेले नाहीत, असं मला खजिनदारांकडून कळलं आहे. हा विषय तिथे घ्यावा अशी विनंती करतो. माझा पास मी आज अध्यक्षांकडे मागणार नाही.

आता पोरांची चुळबुळ वाढली आहे. पेटीवालेही येऊन बसलेत. गणपती बाप्पा मोरया!