कंत्राटदार पळाला, तरी मालक सुटत नाही



कंत्राटी कामगारांचे वेतन थकले, की कारखान्याच्या कचेरीतून ठराविक उत्तर मिळते : ‘तुमचे तुम्ही कंत्राटदाराकडे बघा.’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. कंत्राटदाराने बुडविलेले वेतन देण्याची जबाबदारी १९७० च्या कायद्याने मूळ मालकावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तीतही ही जबाबदारी कायम आहे. मात्र मूळ कायद्यातील वीस कंत्राटी कामगारांची मर्यादा संहितेने पन्नासवर नेली. पन्नासाच्या आतील कामगारांनी काय करावे? त्यांना वेतन संहितेच्या ४३ व्या कलमाचा आधार आहे. दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. आणि वेतन दिले, हे सिद्ध करण्याचा भार मालकपक्षावर असतो.

कायम नोकरीचा प्रश्न अधिक बिकट आहे. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मालकाच्या सेवेत जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ‘सेल’ प्रकरणी ठरविले. परंतु कंत्राट हा निव्वळ देखावा ठरल्यास कामगार मालकाचाच, हेही त्याच निकालात आहे.

तेव्हा कामाचा हुकूम कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, कंत्राटदार बदलूनही माणसे तीच राहिली काय, याची नोंद कार्यकर्त्यांनी आजपासून ठेवावी. गेटपास आणि हजेरीचे कागद जपावेत. मोर्चाने मालक चर्चेला येतो. न्यायालयात मात्र कागदच बोलतो.