व्यसन आणि मेंदूतील सुखाचा पाट
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या प्रसंगी असा अमंगल विषय कशासाठी, असे आपणांपैकी काहींस वाटेल. परंतु जे दुःख घरोघरी झाकून ठेवले जाते, त्याचा विचार आप्तस्वकीयांच्या सभेत नाही करावयाचा तर कोठे करावयाचा? अफू, तिच्यातील मॉर्फिन आणि मॉर्फिनपासून बनणारे हेरॉईन ही द्रव्ये मेंदूत काय घडवून आणतात, हे यथामति सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अफू आपणांस परकी नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक माता एके काळी तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. हेरॉईन तर १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने खोकल्यावरील औषध म्हणून विक्रीस आणले होते. त्याचेच अशुद्ध रूप पुढे आपल्या शहरांत ‘गर्द’ या नावाने शिरले.

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ओल्ड्स व मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्या. दांडी दाबताच मेंदूच्या ठराविक भागास विजेचा सौम्य प्रवाह मिळे; तो मिळावा म्हणून उंदीर दांडी पुनःपुन्हा दाबीत राहिले. प्रेरणेचा हा मार्ग आपल्याही मेंदूत आहे. मध्यमेंदूतील काही पेशी डोपामाइन नावाचे रसायन ‘न्यूक्लियस ॲकम्बन्स’ या केंद्रात सोडतात. हे रसायन म्हणजेच सुख, असे मात्र नव्हे. ‘हे मोलाचे आहे, लक्षात ठेव, पुन्हा मिळव’ अशी खूणगाठ ते मनाशी बांधून देते.

कालव्याचे पाणी पाटकरी जसे मोजून सोडतो, तसे या डोपामाइनवर ‘गाबा’ हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे नियंत्रण असते. अफूवर्गीय द्रव्ये या पाटकऱ्यासच निजवितात. मग दार उघडे राहते आणि पाण्याचा लोंढा वाहू लागतो. अन्न, स्नेह, कष्टाचे फळ यांनी जे मापाने मिळावयाचे, ते कष्टावाचून व मापावाचून मिळते. शरीर स्वतःही अशी वेदनाशामक द्रव्ये निर्माण करते. ‘एन्केफॅलिन’ या नावाने ती १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी ओळखली. त्यांच्याच कुलुपाला ही बाहेरची किल्ली लागते.

लोंढा नित्याचा झाला की मेंदू स्वतःस बदलून घेतो. तेवढ्याच मात्रेने पूर्वीचा परिणाम होत नाही. सण, संगीत, अपत्यांचे बोल, सारेच बेचव होते. द्रव्य न मिळाल्यास अंग मोडून येते, घाम सुटतो, वांत्या होतात, झोप उडते. आरंभी सुखासाठी घेतलेले द्रव्य आता केवळ यातना टाळण्यासाठी घेतले जाते. म्हणूनच ‘मनात आणले तर सोडील’ हे आपले वाक्य अर्धेच खरे ठरते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. काही काळ व्यसन सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी जुन्याच मात्रेने श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. नॅलोक्सोन हे औषध वेळीच टोचल्यास प्राण वाचतात. यास्तव रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, लोकलज्जेने घरात कोंडू नये. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर वैद्याच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन हे मात्र व्यसन नव्हे. ते रुग्णास नाकारू नये.

उपाय आहेत. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे रुग्णास स्थिर करतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने औषधांबरोबर समुपदेशनास व कुटुंबाच्या सहभागासही महत्त्व दिले. जुनी गल्ली, जुने सोबती दिसताच ती खूणगाठ पुन्हा जागी होते. म्हणून एखादा घसरला, तरी उपचार वाया गेले असे समजू नये.

ज्ञातीत नाव जाईल, मुलींस स्थळे येणार नाहीत, या भयाने कित्येक घरे गप्प राहतात. हे भय दूर करणे आपल्याच हाती आहे. अशा घराकडे पाठ न फिरविता, मधुमेहाच्या रोग्याची करतो तशीच त्या रोग्याची विचारपूस आपण करावी, एवढीच आमची विनंती आहे.