केमोची मळमळ आणि शेजारधर्म



सौ.ला केमोथेरपी सुरू झाली तेव्हा आजारापेक्षा मळमळीचीच धास्ती जास्त होती. दर 21 दिवसांनी सलाईन आणि पुढचे तीन-चार दिवस अन्नाचा वाससुद्धा नको. बातमी जिन्यात पसरली. दोन दिवसांत घरात आलेपाक, मोरावळा, मनगटाला बांधायचे पट्टे आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी दिलेली पुडी, एवढं जमा झालं.

त्या पुडीबद्दल आज कबुली देतो. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" मी म्हणालो, "छे, काही नाही." पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले आणि केमो आठवडाभर पुढे गेली. कारण पुडीच, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण पुडीत काय आहे, हे मला सांगता येईना. 36 वर्षं बँकेत मी कर्जदारांना विचारत आलो, "दुसरीकडचं कर्ज दाखवलंत ना?" आणि स्वतःच लपवलं!

मग सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले, उलटीच्या गोळ्या त्रासाची वाट न बघता वेळेवर घ्या. बाकीचं त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. आल्याचा छोटा तुकडा काहींना बरा वाटतो. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर विचारूनच. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून मधोमध दाबायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण अपायही नाही. जेवण थोडं थोडं, गार करून, म्हणजे वास कमी येतो. पुढे पुढे तर हॉस्पिटलचं फाटक दिसलं तरी हिला मळमळायचं. तेव्हा रिक्षात डोळे मिटून संथ श्वास आणि जुनी भावगीतं.

पण खरा उतारा तुम्ही दिलात. केमोच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कुणी मासे तळले नाहीत, लसणीची फोडणी दिली तर खिडकी लावून. कुणी सांगितलं नव्हतं.

आज सौ. पहिल्या रांगेत बसली आहे. म्हणून एकच विनंती: आजाऱ्याकडे औषध नेलंत, तर त्यात काय आहे ते लिहून न्या. तेवढं जमत नसेल, तर खिडकी लावा. तेही औषधच आहे.