विमानाचे तेल शेतातून

मंडळी, आपला हापूस मुंबईहून विमानाने लंडनला जातो. ते विमान चालते कशावर? रॉकेलावर! आपल्या दिव्यातल्या रॉकेलाचाच तो भाऊ, फक्त जास्त शुद्ध.

हे तेल जमिनीच्या पोटातून येते. ते जाळले की लाखो वर्षे पुरलेला कार्बन हवेत जातो आणि हवा तापते. झाडाचे तसे नाही. झाड हवेतलाच कार्बन खाऊन वाढते. त्याचे तेल जाळले, तर घेतलेलेच परत दिले. मात्र तेल करायला आणि माल वाहायलाही इंधन लागते. तो हिशेब विसरू नये.

असे तेल होते का? होते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक विमान गेले. त्याच्या इंधनात उसाच्या मळीपासून केलेले तेल मिसळले होते. पुण्याच्या प्राज कंपनीने ते इंडियन ऑइलच्या साथीने तयार केले. ज्या मळीची दारू गाळतात तीच मळी! आधी तिचा मद्यार्क केला, मग मद्यार्काचे तेल. पण मिसळले किती? शंभर लिटरात फार तर एक लिटर. सरकारने २०२७ सालासाठी परदेशी जाणाऱ्या विमानांपुरते तेवढेच प्रमाण ठरवले आहे. कारण हे तेल खनिज तेलाच्या दुपटीहून महाग पडते.

दुसरी रीत काडीकचऱ्याची. लाकूड, काड्या, भुसा कमी हवेत खूप तापवायचा. त्याचा वायू होतो. त्या वायूचे तेल करण्याची युक्ती १९२०च्या दशकात जर्मनीत निघाली. यात एक खोट आहे. वायूत कार्बन पुष्कळ, हायड्रोजन थोडा. म्हणून निम्म्याहून जास्त कार्बन वाया जातो. इथे वीज कामाला येते. विजेने पाणी फोडले की हायड्रोजन सुटतो. तो वायूत घातला की तेवढ्याच कचऱ्यातून दुप्पट तेलही निघू शकते. पण वीज उन्हाची किंवा वाऱ्याची हवी. कोळशाची वीज वापरली, तर काय मिळवलं?

आता आपल्या रत्नागिरीचे बघू. उद्या कोणी म्हणेल, तुमचा कचरा द्या. कचरा म्हणजे कोणता हो? भाताचा पेंढा गुरे खातात. पातेरा, कवळं राबाला लागतात, कलमांच्या बुंध्याशीही घालतात. तो सगळा विकला तर जमिनीला काय घालणार? आंब्याची छाटलेली लाकडे आणि भाताचे तूस देता येईल. तेही आपली चूल भागल्यावर.

काजूच्या बोंडांचे मात्र आम्हाला वाईट वाटते. बी काढून घेतली की ढीगच्या ढीग झाडाखाली कुजतात. त्यांच्या रसाचाही मद्यार्क होतो. गोव्यात फेणी काढतात ती त्याचीच. अडचण एवढीच, की बोंड एका दिवसात नासते आणि हंगाम दोन-तीन महिन्यांचा. मग बाकीचे महिने कारखान्याने काय खायचे?